‘परवाना नाही तर चिप नाही’: एकाच पद्धतीला अमेरिकेत मोकळीक, कोरियात दंड. असं कसं?

मोजपट्टी

क्वालकॉम ही फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या मोडेम चिपा बनवणारी अमेरिकी कंपनी. फोन बनवणाऱ्याने आधी तिच्या पेटंटांचा परवाना घेतला तरच ती त्याला चिप विकते. या पद्धतीवरचे निकाल एकापाठोपाठ एक वाचले की गोंधळ उडतो. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसी या स्पर्धा नियामकाने, स्पर्धा कायद्याखाली खटला भरला. मे 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश ल्यूसी को यांनी 233 पानांच्या निकालात कंपनीला दोषी धरलं. ऑगस्ट 2020 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल उलटवला, आणि एफटीसी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही. तिकडे कोरियाच्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर 2016 मध्ये 1.03 लाख कोटी वॉनचा दंड लावला होता. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये कायम केला. वागणूक तीच, फोन तेच, चिपाही त्याच.

माझे अडलेले मुद्दे:

1. चिप विकत घेतली की तिच्यातलं तंत्रज्ञान वापरायचा हक्क आपोआप मिळायला हवा. मग वेगळा परवाना कशाचा?
2. प्रतिस्पर्धी चिप कंपन्यांना क्वालकॉम परवाना देत नाही, पण त्यांच्यावर दावेही लावत नाही. मग त्यांचं बिघडतं काय?
3. रॉयल्टी फोनवर लागते आणि चिप कुणाचीही असली तरी सारखीच लागते. मग स्पर्धेला धक्का कुठून बसतो?
4. दोन देशांत दोन निकाल लागले ते कायदा वेगळा म्हणून, की पुरावा वेगळा म्हणून?

कंपनी चांगली की वाईट हा वाद नको. यंत्रणा कशी चालते ते हवं आहे.

---

तळटीप

पहिल्या मुद्द्यात बाकीच्यांची बरीचशी उत्तरं दडलेली आहेत, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

पेटंट असलेली वस्तू धन्याने स्वतः किंवा त्याच्या परवानाधारकाने विकली की त्या वस्तूपुरता पेटंटचा हक्क संपतो. पुढच्या खरेदीदाराकडून त्याच पेटंटसाठी पुन्हा पैसे मागता येत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये क्वांटा विरुद्ध एलजी प्रकरणात हे पद्धतीच्या पेटंटलाही लागू केलं, आणि 2017 मध्ये लेक्समार्क प्रकरणात आणखी घट्ट केलं. विक्रीच्या करारात उलट अट घातली तरी पेटंटचा हक्क संपतोच.

आता क्वालकॉमच्या जागी बसून बघा. मोडेम चिपची किंमत काही डॉलर. ज्या फोनमध्ये ती बसते त्याची किंमत शेकडो डॉलर. प्रतिस्पर्धी चिप कंपनीला पूर्ण परवाना दिला, तर तिची चिप विकली जाताच हक्क संपणार, आणि फोन कंपनीकडे हात पसरायला जागा उरणार नाही. रॉयल्टी चिपच्या किमतीवर मोजावी लागेल. म्हणून कंपनीने दोन विभाग वेगळे ठेवले. एक चिपा विकतो, दुसरा परवाने देतो. परवाना फक्त फोन बनवणाऱ्याला, आणि परवाना नसलेल्याला चिप नाही. परवाना आधी हातात असला की ‘चिप विकली, हक्क संपला’ हा युक्तिवाद फोन कंपनीला करताच येत नाही, कारण पैसे द्यायचं तिने करारातच कबूल केलेलं असतं. ‘परवाना नाही तर चिप नाही’ हे नाव टीकाकारांनी दिलं, पण अटीचं वर्णन म्हणून अचूक आहे.

फोनच्या पातळीवर परवाना देणं कैक पटींनी किफायतशीर आहे, हे 2012 मध्ये अमेरिकी करखात्याबरोबरच्या एका बैठकीत कंपनीच्याच लोकांनी सांगितलं होतं. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण खटल्यात पुरावा म्हणून आलं आणि को यांनी त्याला बरंच वजन दिलं. अपील न्यायालयाचं उत्तर थोडक्यात असं: जास्त नफा हवा असणं हा स्पर्धा कायद्याचा भंग नाही.

दुसरा मुद्दा. दावा लावला जात नाही हे खरं. अपील न्यायालयाने तर ‘परवाना नाही, तरी अडचण नाही’ अशा अर्थाचे शब्द वापरले. पण चिप कंपनीच्या विक्री विभागाकडून बघा. ग्राहक विचारतो, तुमच्या चिपवर क्वालकॉमच्या पेटंटचं संरक्षण आहे का? उत्तर ‘नाही, ते तुम्हीच क्वालकॉमकडून घ्या’. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक सौद्यात क्वालकॉम न बोलावता हजर, आणि ग्राहकाने कुणाच्या किती चिपा घेतल्या याचा अंदाज त्याला रॉयल्टीच्या हिशेबातून येतो.

---

निळी_शाई

तिसऱ्या मुद्द्याला आकडेमोडीशिवाय हात घालू नये. खालचे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत. खरा आहे तो फक्त दर: क्वालकॉमच्या 5जी अटींत बहुमोड फोनसाठी (5जी सोबत जुन्या पिढ्याही चालवणाऱ्या) मानक-आवश्यक पेटंटांचे (म्हणजे ज्यांच्याशिवाय मानक पाळताच येत नाही त्यांचे) 3.25 टक्के, संपूर्ण पेटंटसंचाचे 5 टक्के, आणि 2018 पासून रॉयल्टी मोजताना फोनची किंमत जास्तीत जास्त 400 डॉलर धरतात. म्हणजे कमाल 13 किंवा 20 डॉलर.

समजा पेटंटांची वाजवी किंमत फोनमागे 8 डॉलर आहे. क्वालकॉमची चिप 25 ला, प्रतिस्पर्ध्याची 24 ला. फोन कंपनीचा एकूण खर्च 33 विरुद्ध 32. प्रतिस्पर्धी एक डॉलरने पुढे.

आता क्वालकॉम रॉयल्टी 20 करतो आणि चिप 13 ला देतो. त्याच्या ग्राहकाचा एकूण खर्च पूर्वीइतकाच, 33. पण प्रतिस्पर्ध्याची 24 ची चिप घेणाऱ्याला 44 पडतात. तीच एक डॉलरची आघाडी टिकवायची तर त्याला चिप 12 ला विकावी लागेल. त्याचा उत्पादनखर्च 15 असेल तर दर चिपमागे 3 डॉलर तोटा. ग्राहक तरीही त्याच्याकडे गेलाच, तर क्वालकॉमला चिप न बनवता 20 डॉलर मिळतात.

रॉयल्टी ‘सगळ्यांना सारखी’ हे वाक्य म्हणून फसवं आहे. ग्राहकाच्या खिशातून सारखीच जाते, पण एका विक्रेत्याच्या बाबतीत ती त्याच्याच दुसऱ्या खिशात पडते आणि दुसऱ्याच्या बाबतीत बाहेर जाते. एफटीसी याला अधिभार म्हणत होतं.

मात्र हा सिद्धांत कोर्टात टिकायचा तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात आणि नेमक्या तिथेच गाडी अडली.

एक, वाजवी आकडा किती? वरच्या उदाहरणात मी 8 धरले, पण तो आकडा सिद्ध करावा लागतो. को यांनी दर अवाजवी ठरवताना विकता येणाऱ्या सर्वांत लहान घटकाचा, म्हणजे मोडेम चिपचा, आधार घेतला. अपील न्यायालयाने म्हटलं की हा सक्तीचा नियम असल्याचं कुठल्याच न्यायालयाने सांगितलेलं नाही. ज्यूरीचा गोंधळ होऊ नये म्हणून वापरायचं ते एक साधन आहे.

दोन, चिपची किंमत खरंच रॉयल्टीच्या बदल्यात खाली आणली का? चिपची किंमत खर्चाच्या वर राहिली, म्हणजे वरच्या उदाहरणात क्वालकॉमचा खर्च 12 असेल, तर ती तोट्यातली विक्री ठरत नाही. आणि 2009 च्या लिंकलाइन निकालानंतर अमेरिकेत निव्वळ ‘दोन किमतींच्या मध्ये चेपलं’ अशी तक्रार चालत नाही. एक तर पुरवठ्याचं कायदेशीर कर्तव्य दाखवा, नाहीतर खर्चाखालची किंमत दाखवा.

तीन, झळ कुणाला बसली? पुढच्या प्रतिसादकांनी यावर लिहावं. माझ्या मते सगळा खटला इथे फिरला.

जाता जाता: फेब्रुवारी 2015 मध्ये चीनच्या आयोगाने 608.8 कोटी युआन दंड करताना जो तोडगा मान्य केला, त्यात फोनच्या निव्वळ विक्री किमतीच्या 65 टक्क्यांवर 3जी साठी 5 टक्के आणि निव्वळ 4जी साठी 3.5 टक्के असे दर होते. गुणाकार करा: 3.25 आणि 2.275. क्वालकॉमने नंतर जाहीर केलेले बहुमोड आणि एकमोड 5जी चे दर हेच आहेत. चीनपुरता म्हणून झालेला तोडगा जगभराचा दर कसा होतो ते यात दिसतं.

---

कलम_दोन

झळ कुणाला, यावर.

अमेरिकी खटल्यात बाजारपेठा दोन ठरल्या होत्या: सीडीएमए (जुन्या 2जी-3जी पिढीचे एक तंत्र) मोडेम चिपा आणि महागड्या फोनांतल्या एलटीई (4जी) मोडेम चिपा. दोन्ही चिपांच्या बाजारपेठा. को यांनी जी हानी नोंदवली तिचा मोठा भाग मात्र फोन कंपन्यांना जास्त रॉयल्टी द्यावी लागते हा होता. अपील न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. फोन कंपन्या क्वालकॉमच्या ग्राहक आहेत, प्रतिस्पर्धी नाहीत. त्यांच्यावरचा भार ठरवलेल्या बाजारपेठेबाहेरचा, त्यामुळे शर्मन कायद्याखाली, म्हणजे अमेरिकेच्या स्पर्धा कायद्याखाली, तो स्पर्धेची हानी म्हणून मोजता येत नाही. वाचताना रुक्ष वाटणारी बाजारपेठेची व्याख्या इथे निकाल ठरवून गेली.

प्रतिस्पर्ध्यांना परवाना देण्याच्या बाबतीत न्यायालयाने म्हटले की प्रतिस्पर्ध्याशी व्यवहार करण्याचे कर्तव्य सहसा नसते. अपवाद 1985 च्या अ‍ॅस्पेन स्कीइंग निकालातला. पूर्वी चालू असलेला फायद्याचा व्यवहार केवळ प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी तोडला, आणि खुल्या बाजारात इतरांना तीच गोष्ट विकत असूनही त्याला नाकारली, तर. क्वालकॉम कुठल्याच चिप कंपनीला परवाना देत नव्हता, म्हणजे एकट्याला वेगळे वागवले असेही नाही.

एक बाजू मात्र विसरली जाते. नोव्हेंबर 2018 मध्ये को यांनी वेगळा निर्णय दिला होता: टीआयए आणि एटिस या दोन मानक संस्थांच्या धोरणांप्रमाणे क्वालकॉमने चिप कंपन्यांनाही वाजवी आणि भेदभावरहित, म्हणजे फ्रँड, अटींवर परवाना देणे बंधनकारक आहे. तो निर्णय निव्वळ कराराच्या वाचनावर होता. अपील न्यायालयाने तो चूक म्हटला नाही. स्पर्धा कायद्याचा दावाच पडल्यामुळे आता गरज नाही, म्हणून रद्द केला. म्हणजे ‘चिप कंपनीला फ्रँड परवाना मागण्याचा हक्क आहे का’ हा प्रश्न नवव्या सर्किटने सोडवला असे समजणे चूक आहे.

कोरियात चौकट वेगळी. तिथला कायदा वर्चस्वाच्या गैरवापराचा आहे. आयोगाने तीन गोष्टी धरल्या: प्रतिस्पर्धी चिप कंपन्यांना परवाना नाकारणे किंवा त्यात अटी घालणे, चिपपुरवठ्याचा धाक दाखवून फोन कंपन्यांकडून परवाना करार करवून घेणे, आणि सरसकट पेटंटसंच गळ्यात मारणे व उलट फोन कंपन्यांची पेटंटे फुकट घेणे अशा अटी. डिसेंबर 2019 मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने पहिल्या दोन मान्य केल्या आणि तिसरी काढून टाकली. दंड मात्र तेवढाच राहिला, कारण त्याचा आधार पहिल्या दोन होत्या. फ्रँडचे आश्वासन देऊन ते पाळले नाही, याला तिथे गैरवापराचा पुरावा म्हणून वजन मिळाले. अमेरिकेत तीच गोष्ट ‘करारभंग असेल तर करारभंगाचा दावा लावा’ या खान्यात गेली.

तेव्हा चौथ्या प्रश्नाचे उत्तर: पुरावा बराचसा सारखा, मोजायची जागा वेगळी.

---

उलटतपासणी

कलम_दोन यांच्याशी बराच सहमत, पण ‘पुरावा सारखा’ हे जरा सैल आहे. अमेरिकेतल्या निकालात काळाचा मोठा वाटा होता. अ‍ॅपलबरोबरचे 2011 आणि 2013 चे सवलतीचे करार घ्या. को यांनी ते व्यवहारात ‘चिपा फक्त आमच्याकडूनच घ्या’ अशा प्रकारचे ठरवले. पण इंटेलचं मोडेम 2016 च्या आयफोन 7 मध्ये आलं, आणि करारही तोवर संपलेले. मग मनाई हुकूम कशावर द्यायचा? अपील न्यायालयाचा हा आक्षेप मला पटतो. जे थांबलंय ते थांबवायचा आदेश देऊन काय साधणार?

युरोपने त्याच अ‍ॅपल करारांसाठी जानेवारी 2018 मध्ये 99.7 कोटी युरो दंड केला आणि जून 2022 मध्ये तिथल्या जनरल कोर्टाने तो पूर्ण रद्द केला. दोन कारणं: आयोगाने तिसऱ्या पक्षांबरोबरच्या बैठकांची नीट नोंद ठेवली नव्हती, आणि अ‍ॅपलच्या बहुतांश गरजेला त्या काळात तांत्रिक पर्यायच नव्हता ही गोष्ट विश्लेषणात धरली नव्हती. पर्यायच नसेल तर सवलतीने कुणाला बाहेर ठेवलं? आइसेरा या प्रतिस्पर्धी मोडेम कंपनीला संपवण्यासाठी खर्चाखाली चिपा विकल्याच्या प्रकरणातला युरोपचा दंड मात्र टिकला, 24.2 कोटींवरून 2024 मध्ये 23.87 कोटींवर आला तेवढंच. तिथे किंमत आणि खर्च असे मोजता येणारे आकडे होते. जपानच्या आयोगाने तर 2009 चा स्वतःचाच आदेश 2019 मध्ये मागे घेतला. ‘अमेरिका सोडून सगळ्यांनी दोषी धरलं’ हे चित्र खरं नाही.

---

मोजपट्टी

निळी_शाई, 33 आणि 44 च्या गणिताने तिसरा मुद्दा सुटला. एक उपप्रश्न: अ‍ॅपलने एप्रिल 2019 मध्ये तडजोड केली, त्याच वर्षी इंटेलचा मोडेम विभाग 1 अब्ज डॉलरला घेतला, आणि 2025 मध्ये आयफोन 16ई मध्ये स्वतःचं सी1 मोडेम आणलं. आता क्वालकॉमची रॉयल्टी थांबेल?

---

तळटीप

नाही. थांबते ती चिपची खरेदी. पेटंटं 4जी-5जी मानकांत आहेत आणि ते मानक पाळणारं मोडेम कुणीही बनवलं तरी ती वापरली जातात. अ‍ॅपलचा परवाना करार 1 एप्रिल 2019 पासून सहा वर्षांचा होता, दोन वर्षं वाढवायची सोय होती, आणि तो मार्च 2027 पर्यंत वाढवलेला आहे.

फरक पडतो तो वाटाघाटीत. चिपसाठी समोरच्यावर अवलंबून असलेल्याला ‘दर मान्य नाही, कोर्टात ठरवू’ म्हणता येत नाही, कारण खटला वर्षानुवर्षं चालतो आणि पुरवठा मात्र उद्या थांबू शकतो. स्वतःची चिप असेल तर म्हणता येतं. को यांच्या आदेशातला पहिला मुद्दा हाच होता: पुरवठा परवान्याला बांधू नका, म्हणजे दराचा वाद पुरवठ्याच्या धाकाशिवाय होईल. माझ्या मते त्या आदेशातला सर्वांत कामाचा भाग तो होता, आणि चिप कंपन्यांना परवाना द्यायच्या वादाखाली तो झाकला गेला.

---

कलम_दोन

फोन किंवा इतर जोडलेली उपकरणे बनवणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी, कारण बहुतेक वाद स्पर्धा आयोगापर्यंत जातच नाहीत. ते मनाई हुकुमाच्या धाकावर मिटतात.

युरोपात 2015 च्या हुआवे विरुद्ध झेडटीई निकालाने क्रम घालून दिला आहे. पेटंटधारकाने आधी कोणते पेटंट आणि त्याचा भंग कसा, हे कळवायचे. वापरणाऱ्याने परवाना घेण्याची तयारी दाखवायची. मग धारकाने लेखी प्रस्ताव द्यायचा, त्यात दर आणि तो कसा काढला हे दोन्ही. तो पटला नाही तर वापरणाऱ्याने लगेच लेखी प्रतिप्रस्ताव द्यायचा. तो फेटाळला गेला तर त्या क्षणापासून बँक हमी किंवा ठेव, आणि आतापर्यंतच्या वापराचा हिशेब.

चुका कुठे होतात? तयारी दाखवताना ‘भंग सिद्ध झाला आणि पेटंट वैध ठरले तर परवाना घेऊ’ असे सशर्त लिहिले जाते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2020 च्या सिस्वेल विरुद्ध हायर निकालात अशा उत्तराला तयारी मानले नाही. पेटंटला आव्हान देण्याचा हक्क राखून ठेवता येतो, पण परवान्याच्या इच्छेला शर्त लावता येत नाही. दुसरी चूक, अनेक महिने तांत्रिक कागद मागत राहणे आणि स्वतःचा आकडा कधीच न देणे. तिसरी, हमीची रक्कम फक्त पुढच्या विक्रीवर धरणे. मागचा वापरही धरावा लागतो.

आणि एटसी या युरोपातल्या दूरसंचार मानक संस्थेच्या यादीतल्या पेटंटांची नुसती मोजणी करून वाटा काढू नये. ती नोंद कंपन्या स्वतः करतात. पेटंट खरोखर आवश्यक आहे का, हे एटसी तपासत नाही. दाव्याचा प्रत्येक घटक मानकाच्या कलमासमोर मांडलेला तक्ता मागावा, निदान नमुन्याच्या काही पेटंटांसाठी.

---

निळी_शाई

यात एक भर. प्रतिप्रस्तावाचा आकडा दोन बाजूंनी तपासावा. एक, तुलना करण्याजोगे खरे परवाने. दोन, वरून खाली: सगळ्या धारकांच्या रॉयल्टीचा मिळून बोजा किती, आणि त्यात या धारकाचा वाटा किती. 2017 च्या अनवायर्ड प्लॅनेट निकालात इंग्लंडच्या न्यायाधीश बर्स यांनी 4जी साठी एकूण बोजा 8.8 टक्के निघतो अशी पडताळणी केली होती. एखादा धारक एकटाच 3.25 मागत असेल तर या मोजपट्टीने (धागाकर्त्यांची क्षमा मागून) तो स्वतःकडे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओढतो आहे. क्वालकॉमचा दर 5जी बहुमोडचा आहे आणि त्यात 3जी-4जी ची पेटंटंही येतात, म्हणून तुलना सरळ लावू नका. पण समोरच्याकडून ‘तुमच्या हिशेबात एकूण बोजा किती धरला?’ याचं लेखी उत्तर जरूर मागा. ते उत्तर टाळलं गेलं, तर टाळलं गेल्याची नोंद पत्रव्यवहारात राहू द्या.